संगणकाच्या सातबाऱ्यावरचा बोजा



गेल्या खेपेला आपण संगणकातल्या फाइली कप्प्याकप्प्यांत कशा लावाव्यात ते पाहिले. त्यावर एका भगिनीने विचारले आहे, "फाइली तर लावल्या, पण सातबाऱ्याच्या फाइलवर क्लिक केले की भलताच प्रोग्राम उघडतो. आमचा संगणक बिघडला का?"

बिघडला नाही, ताई. त्याच्या दप्तरी एक चुकीची नोंद पडली आहे, एवढेच. ती नोंद कशी पडते, कशी काढायची, आणि ती काढता येत नाही म्हणून माणसे स्वतःचे किती नुकसान करून घेतात, ते आज सांगतो. आमच्याच घरी हे नुकसान व्हायचे थोडक्यात टळले. म्हणून आधी ती गोष्ट ऐका.

आबांचे फोटो

२०१६ सालचा जून महिना. मृग बरसून गेला होता, वाफसा यायची वाट पाहत माणसे घरीच होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी तेव्हा विंडोज ७ चा जुना संगणक होता. त्यात दोन मोलाच्या गोष्टी होत्या. एक, वहिनींचा तीन वर्षांचा दुधाचा हिशेब. कोणत्या गाईने किती दूध दिले, फॅट किती लागली, पेंडीला किती गेले, सगळे त्यांनी रोज रात्री जेवणे आटोपल्यावर बसून भरलेले. दुसरी गोष्ट आबांचे फोटो. आमचे वडील गेले त्याच्या आदल्या आषाढीला वाखरीच्या रिंगणात पुतणीने मोबाइलवर काढलेले. तो मोबाइल पुढे विहिरीत पडला. फोटो राहिले ते फक्त त्या संगणकात.

एक दिवस धाकट्या पुतण्याने काहीतरी दाबले. काय दाबले ते त्यालाही नीट सांगता येईना. "हे कशानं उघडू असं त्यानं विचारलं, मी पिक्चर बघायचा प्रोग्राम दाखवला अन् खाली 'नेहमी' असं होतं तिथं टिकली केली," एवढेच तो सांगे. तेवढ्याने पडद्यावरचे सगळे आयकॉन एकाच तोंडवळ्याचे झाले. हिशेबाच्या आयकॉनवर क्लिक करा, इंटरनेटच्या आयकॉनवर करा, काहीही करा. उघडायचा तो पिक्चरचाच प्रोग्राम, आणि तो म्हणायचा की मला हे वाजवता येत नाही.

दादांनी यंत्र उचलून तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "काका, व्हायरस शिरलाय. फॉर्मेट मारावं लागंल. सातशे रुपये होतील."

"फॉर्मेट म्हणजे?"

"सगळं पुसायचं अन् नव्यानं भरायचं."

"आणि आमच्या आबांचे फोटो?"

"त्याचं काय सांगता येत नाही."

दादा यंत्र तसेच परत घेऊन आले. संध्याकाळी मी गेलो तर वहिनी चुलीपुढे डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, कॉम्प्युटर बंद पडला तर पडू द्या. पण पुसू देऊ नका. मामंजींचा तेवढाच फोटो आहे घरात."

खरे सांगायचे तर मलाही तेव्हा काही येत नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका मास्तरांना फोन लावला. ते कॉलेजात संगणक शिकवतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेली कळ आहे ना? ती दाबून धरा आणि ई दाबा." दाबले. फाइलींचे कप्पे उघडले. "आता फोटोच्या कप्प्यात जा आणि एक फोटो उघडा." उघडला. आबा समोर उभे. डोईला पटका, कपाळी बुक्का, हातात पताका. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मास्तर म्हणाले, "फोटो उघडला म्हणजे फाइली शाबूत आहेत, प्रोग्रामही शाबूत आहेत. फक्त शॉर्टकटची नोंद चुकली आहे. ती तेवढी काढा." त्यांनी फोनवर सांगितले तसे आम्ही केले, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, आणि सगळे आयकॉन आपापल्या रूपात परत आले. अर्धा तासही लागला नाही.

काही पुसावे लागले नाही, सातशे रुपयेही द्यावे लागले नाहीत. आणि आबांचे फोटो वाचले. त्या दिवसापासून मी ही नोंदींची भानगड समजून घेतली.

कोणते काम कोणाकडे

आपल्या जुन्या गावगाड्यात कोणते काम कोणाकडे न्यायचे हे ठरलेले असे. नांगराचा फाळ बोथटला, लोहाराकडे. जू मोडले, सुताराकडे. मोट फाटली, चांभाराकडे. घरातल्या पोरालाही हे सांगावे लागत नसे.

संगणकातही तसेच आहे. फोटो एका प्रोग्रामने उघडायचा, हिशेबाचा तक्ता दुसऱ्याने, गाणे तिसऱ्याने. कोणती फाइल कोणाकडे न्यायची हे संगणक फाइलच्या नावाच्या शेपटावरून ओळखतो. नावाच्या शेवटी एक टिंब असते आणि टिंबापुढे दोन-चार इंग्रजी अक्षरे. जेपीजी असले तर फोटो, पीडीएफ असले तर छापील पानासारखा कागद, एक्सएलएसएक्स असले तर हिशेबाचा तक्ता, एमपी३ असले तर गाणे.

हे शेपूट तीन अक्षरांचे का, याला इतिहास आहे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फाइलला नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे आणि शेपूट तीन अक्षरांचे, असा नियम होता. १९९५ च्या विंडोजने लांब नावांना मोकळीक दिली, पण शेपटाची सवय राहिली ती आजतागायत.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. क्लिक केल्यावर विंडोज फाइलच्या पोटात काय आहे ते पाहत नाही, शेपूट पाहतो. पोटात मात्र खरी ओळख असते. खऱ्या पीडीएफ फाइलची पहिलीच अक्षरे टक्क्याची खूण आणि पुढे पीडीएफ अशी असतात. झिप फाइल पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. ती फिल कॅट्झ या माणसाच्या नावाची आद्याक्षरे, ज्याने ही तऱ्हा काढली. म्हणून फोटोचे शेपूट बदलून पीडीएफ लिहिले तर फोटोचा पीडीएफ होत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पुष्कळ मुले फॉर्म भरताना असे करतात आणि मग फॉर्म फाइल घेत नाही म्हणून रडतात. फाइलचा प्रकार बदलायचा तर प्रोग्राममध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करून खरा प्रकार निवडावा लागतो.

नोंद असते कोठे?

कोणते शेपूट कोणत्या प्रोग्रामकडे, याची नोंद विंडोजच्या एका मोठ्या दप्तरात असते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखेच ते आहे असे समजा.

त्यात नोंदी दोन जागी असतात. एक सगळ्या यंत्रापुरती, मूळची. दुसरी त्या संगणकावर बसणाऱ्या माणसापुरती. तुम्ही "ही फाइल नेहमी यानेच उघड" असे सांगितले की ती दुसऱ्या जागी लिहिली जाते, आणि मूळच्या नोंदीपेक्षा तिचा मान मोठा. म्हणूनच आमच्या घरी मूळची नोंद जागेवर असूनही पुतण्याची नोंद तिच्यावर बसली होती. वरची रद्द झाली, तशी खालची मूळ नोंद आपोआप लागू झाली.

नको असलेली नोंद पडते ती तीन वाटांनी.

पहिली वाट आपल्याच हाताची. घाईत 'नेहमी' ला होकार दिला की झाले.

दुसरी वाट पाहुण्याची. फुकटचा एखादा प्रोग्राम आपण घेतो. तो बसवताना मधल्या एका पानावर बारीक अक्षरांत आधीच टिकल्या केलेल्या असतात : फोटो माझ्याकडे, गाणी माझ्याकडे, पीडीएफ माझ्याकडे. आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो. बसायला ओसरी दिली आणि पाहुण्याने हळूहळू पाय पसरले, अशी गत होते.

तिसरी वाट बोजाची. सोसायटीचे कर्ज फेडले, बेबाकी दाखलाही मिळाला, तरी जोवर फेरफार होत नाही तोवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा दिसतच राहतो. तसेच, प्रोग्राम काढून टाकला तरी कधी कधी त्याच्या नावाची नोंद मागे राहते. मग फाइलवर क्लिक केले की संगणक नसलेल्या माणसाचे दार ठोठावत बसतो.

काढायची कशी?

जसा रोग तसे औषध. आधी रोग कोणता ते पाहा.

पहिला प्रकार : फाइल भलत्या प्रोग्रामने उघडते. याला दप्तराला हात लावायची गरजच नाही. त्या फाइलवर माउसचे उजवे बटण दाबा. 'ओपन विथ' वर जा. 'चूज अनदर ॲप' निवडा. यादीतून योग्य प्रोग्राम निवडा. विंडोज ११ मध्ये खाली 'ऑलवेज' आणि 'जस्ट वन्स' अशी दोन बटणे येतात; 'ऑलवेज' दाबा. विंडोज १० मध्ये एक चौकट येते, तिच्यात टिकली करून 'ओके' म्हणा. जुनी नोंद गेली, नवी बसली. भगिनींच्या सातबाऱ्याला एवढाच इलाज पुरे.

आणि एक उलटी सवय लावून घ्या. एखादी फाइल एकदाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये पाहायची असेल तर 'जस्ट वन्स' दाबा. एक दिवसाच्या रोजंदारीला सालगड्याचा करार करू नये.

दुसरा प्रकार : एका पाहुण्याने पुष्कळ नोंदी बळकावल्या. 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'ॲप्स', त्यात 'डिफॉल्ट ॲप्स'. तिथे प्रोग्रामांची यादी दिसेल. प्रोग्रामच्या नावावर क्लिक केले की कोणकोणती शेपटे त्याच्याकडे आहेत ते दिसते. एकेक बदलता येते. विंडोज ११ मध्ये वरच्या रकान्यात शेपूट लिहून ते कोणाकडे आहे हेही विचारता येते.

सगळाच घोळ झाला असेल तर त्याच पानाच्या तळाशी 'रीसेट' आहे. ते दाबले की सगळ्या नोंदी नव्या यंत्रासारख्या होतात. घाबरू नका, यात फाइल एकही पुसली जात नाही. फॉर्मेट म्हणजे घर पाडून पुन्हा बांधणे. रीसेट म्हणजे दारावरच्या पाट्या नव्याने लावणे. पण तुम्ही हौसेने लावलेल्या चांगल्या नोंदीही त्यात जातात, म्हणून आधी एकेक बदलून पाहावी.

काम नसलेला प्रोग्राम काढायचा असेल तर क्रम असा ठेवा : आधी शेपटे दुसऱ्याच्या नावे करा, मग प्रोग्राम काढा. म्हणजे मागे बोजा राहत नाही.

तिसरा प्रकार : जिथे नोंदच नको तिथे नोंद पडली. आमच्या घरी झाले ते हेच. पडद्यावरचे आयकॉन बहुतेक शॉर्टकट असतात. त्यांचे शेपूट एल-एन-के, पण विंडोज ते दाखवत नाही. शॉर्टकट म्हणजे मूळ फाइल नव्हे, दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी पाटी. पाटीला उघडणारा प्रोग्राम नसतोच, ती विंडोज स्वतः वाचतो. त्यामुळे इथे योग्य प्रोग्राम निवडा असे सांगून भागत नाही. ती वरची नोंद काढूनच टाकावी लागते.

ते काम दप्तरात जाऊन करायचे. खिडकीची कळ दाबून धरून आर दाबा. एक लहान रकाना येईल. आयकॉन बिघडले असले तरी हा रकाना येतो, कारण तो शॉर्टकटवर अवलंबून नाही. त्यात आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही सात इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर दाबा. संगणक परवानगी विचारील, 'येस' म्हणा. दप्तर उघडेल. डाव्या बाजूला कप्पे असतात. एकात एक असे जायचे : एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्शन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स. यात टिंब आणि शेपूट अशा नावांची लांब यादी दिसेल. तीत टिंब एल-एन-के शोधा. त्याच्या आत 'यूजरचॉइस' नावाचा कप्पा असेल. यूजरचॉइस म्हणजे माणसाची निवड. पुतण्याने केलेली नोंद ती हीच.

काढण्याआधी एक काम न विसरता करा. टिंब एल-एन-के वर क्लिक करून वरच्या 'फाइल' मधून 'एक्स्पोर्ट' निवडा आणि ती नक्कल एका कप्प्यात ठेवून द्या. काही चुकले तर त्या नकलेवर क्लिक करून पूर्वीची नोंद परत आणता येते. मग यूजरचॉइसवर उजवे बटण दाबून 'डिलीट' म्हणा, दप्तर मिटा, संगणक बंद करून चालू करा.

एक इशारा. दप्तरात दुसऱ्या कशालाही हात लावू नका. तलाठ्याच्या कपाटातून आपला फेरफार काढताना शेजारच्याचा कागद ओढला तर काय होईल? तसेच इथे. विशेषतः ईएक्सई शेपटाच्या नोंदीशी कधीही खेळू नका. प्रोग्राम त्याच शेपटाचे असतात, ती बिघडली तर काहीच उघडणार नाही. पहिल्या दोन प्रकारांत काम भागत असेल तर तिसऱ्याकडे वळूच नये. आणि तिसरे करताना घरातले जाणते पोर किंवा गावातले मास्तर शेजारी बसवावेत.

नोंदीमुळे जगाला बसलेला फटका

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नोंदीचे काय एवढे? तर ऐका.

४ मे २००० रोजी जगभरच्या संगणकांवर एक ई-मेल फिरू लागला. वर लिहिलेले, "माझे तुझ्यावर प्रेम आहे." सोबत एक फाइल. नाव दिसायचे 'तुझ्यासाठी प्रेमपत्र', आणि शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. लोकांनी कौतुकाने उघडली. खरे शेपूट त्याच्याही पुढे होते, व्हीबीएस. व्हीबीएस म्हणजे संगणकाला हुकूम सोडणारी चिठ्ठी. पण विंडोजची मूळची रीत अशी की ओळखीची शेपटे तो लपवतो. म्हणून लोकांना पुढचे व्हीबीएस दिसलेच नाही.

आणि त्या शेपटाची नोंद होती हुकूम बजावणाऱ्या प्रोग्रामकडे. क्लिक केले की त्याने काही न विचारता हुकूम बजावले. फोटोंच्या फाइली खरडून त्यांच्या जागी त्या चिठ्ठीने आपली नक्कल ठेवली, आणि वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र धाडले. काही दिवसांत लाखो संगणक सापडले. ब्रिटनच्या पार्लमेंटलाही काही काळ आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. हे उद्योग फिलिपिन्समधल्या मनिला शहरातल्या एका तरुणाचे निघाले. पण तेव्हा त्या देशात असल्या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहू शकला नाही. कायदा झाला तो त्यानंतर, जून २००० मध्ये.

तेव्हा जाणत्यांनी जे उपाय सांगितले त्यात एक अगदी आपल्या विषयाचा होता : व्हीबीएसची नोंद हुकूम बजावणाऱ्या प्रोग्रामकडून काढून साध्या नोटपॅडकडे द्या. मग चुकून क्लिक झाले तरी नोटपॅड तो मजकूर नुसता वाचून दाखवील, बजावणार नाही. दारोग्याकडून आलेला हुकूम शाळामास्तराच्या हाती पडला तर तो फार तर शुद्धलेखन तपासील, कोणाला पकडणार नाही! मायक्रोसॉफ्टने २०२३ साली ही व्हीबीएसची सोय विंडोजमधून पुढे काढून टाकणार असल्याचे जाहीर केले. पण आज जुने संगणक घरोघरी आहेत. हिशेब, फॉर्म आणि फोटो एवढाच वापर असेल तर व्हीबीएस आणि जेएस ही दोन शेपटे नोटपॅडकडे देऊन टाकावीत. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराने, 'सेटिंग्ज'मधून हे होते.

त्याहून महत्त्वाचे, लपलेली शेपटे उघडी करा. फाइलींचा कप्पा उघडा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' वर क्लिक केले की तशीच एक चौकट दिसते, तिच्यात टिकली करा. मग 'वीजबिल' या नावापुढे पीडीएफ आणि त्याच्यापुढे ईएक्सई दिसले की समजा, हा कागद नव्हे, कागदाचे सोंग घेतलेला प्रोग्राम आहे. न उघडता पुसून टाका.

फोनवरही हीच गत

संगणक सगळ्यांच्या घरी नसेल, मोबाइल आहे. त्यातही शेपटे आहेत आणि नोंदीही आहेत. पीडीएफ भलत्याच ॲपने उघडत असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'ॲप्स'मध्ये जा, त्या ॲपचे नाव निवडा, 'ओपन बाय डिफॉल्ट' किंवा 'सेट ॲज डिफॉल्ट' शोधा आणि त्यातल्या नोंदी 'क्लिअर' करा. फोनाफोनाप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतात. पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारील, "कशाने उघडू?" तेव्हा नीट पाहून सांगा.

एका शेपटाला मात्र फार जपा. ते एपीके. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये बसणारा प्रोग्राम. अलीकडे व्हॉट्सॲपवर किसान योजनेच्या, वाहनाच्या दंडाच्या, लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फाइली येतात. सरकारी योजनेची यादी किंवा लग्नपत्रिका एपीके कधीच नसते. एकदा का तो प्रोग्राम बसला की फोनवर येणारे ओटीपीचे संदेश तो वाचू शकतो, आणि बँकेतला दुधाचा पगार रातोरात जाऊ शकतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधून व्हॉट्सॲपपुढची परवानगी बंद ठेवा. फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

जाता जाता

आमच्या वहिनींनी त्या जूनमध्येच एक शहाणपण केले. आयकॉन परत आले त्याच रात्री आबांचे फोटो आणि दुधाचा हिशेब एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि तो पेनड्राइव्ह दागिन्यांच्या डब्यात ठेवला. दर दिवाळीला त्या नवी नक्कल काढतात. दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेण्याआधी तुम्हीही तेवढे करा. आणि कोणी "फॉर्मेट मारावं लागंल" म्हणाला तर पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा : "फाइली बिघडल्यात, का नुसती नोंद बिघडली?" खरा कारागीर असेल तर तो थांबून पाहील.

त्याचा पडताळा तुम्ही घरीच घेऊ शकता. खिडकीची कळ आणि ई दाबा, कप्प्यात जा, एक फाइल उघडून पाहा. उघडली तर नोंद चुकली आहे. नोंद बदलता येते. पुसलेला फोटो परत येईलच असे नाही.

पत्र धाडणाऱ्या भगिनींनी आपला सातबारा उघडला की नाही ते जरूर कळवावे. पुढच्या खेपेला घरच्या छपाईयंत्राची शाई लवकर का संपते ते पाहू. तोवर रामराम.